मागच्या सीटवरील माणूस

नाशिकच्या पंचवटीतून निघून म्हसरूळ मागे पडले, की हवा बदलते. ढकांबे ओलांडेपर्यंत रस्त्याच्या दोन्ही अंगांना द्राक्षांचे मांडव सुरू झालेले असतात आणि दिंडोरी येईपर्यंत ते आपली सोबत सोडत नाहीत. नाशिक ते दिंडोरी हे अंतर सुमारे २५ किलोमीटरचे. तेथून वणी आणखी वीसेक किलोमीटर. वाटेत ओझरखेड धरणाचे पाणी दिसते, पुढे डोंगररांग जवळ येते आणि वणीच्या पलीकडे नांदुरीहून सप्तशृंग गडाचा घाट सुरू होतो. आपणांपैकी अनेकांनी हा रस्ता एस.टी.ने केला असेल, काहींनी पायी. आज मात्र या तालुक्यातील बहुसंख्य ज्येष्ठ माणसे तो मुलाच्या किंवा नातवाच्या मोटारसायकलवर, मागच्या सीटवर बसून करतात. त्यांच्याविषयी मला आपल्याशी थोडे बोलायचे आहे.

गेली सव्वीस वर्षे माझा दवाखाना दिंडोरीत आहे. रस्त्याचे पंचांग मला रुग्णांच्या अंगावरून कळते. पावसाळ्यात बागांतून बाहेर पडणाऱ्या ट्रॅक्टरच्या चाकांबरोबर चिखल डांबरावर येतो आणि दुचाकी घसरतात. तेव्हा कोपर आणि गुडघे सोललेले येतात. राजारामनगरच्या कादवा साखर कारखान्याचा गळीत हंगाम सुरू झाला, की उसाच्या ट्रॉल्या अंधारात रस्त्यावर असतात. काहींच्या मागे लाल परावर्तक नसतो. त्या काळात येणाऱ्या दुखापती मोठ्या असतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये द्राक्षकाढणीची घाई, चैत्रात आणि नवरात्रात गडाची गर्दी. मात्र ज्येष्ठांच्या दुखापती या पंचांगात बसत नाहीत. त्या बारा महिने येतात, आणि बहुतेक वेळा अगदी कमी वेगातल्या असतात. गतिरोधकावर गाडी उसळली, चढता-उतरताना पाय अडकला, पदर चाकात गेला, बसण्यापूर्वीच गाडी पुढे सरकली.

एखाद्या रविवारी सकाळी वणीच्या अलीकडे एखाद्या चहाच्या टपरीवर थांबून पाहा. नाशिकहून, कधी मुंबईहून, तरुण मंडळी मोठ्या गाड्या घेऊन घाटाकडे निघालेली असतात. अंगात जाड जॅकेट, त्याच्या खांद्यांत आणि कोपरांत कठीण गाद्या, गुडघ्यांना कवच, हातमोजे, घोट्यापर्यंतचे बूट, हनुवटीसह सारा चेहरा झाकणारे हेल्मेट. कोणी त्यांना हसते. मी हसत नाही, त्यांनी योग्य तेच केलेले असते. त्यांच्या शेजारी एक साधी गाडी येऊन थांबते. चालवणाऱ्या तिशीतील मुलाच्या डोक्यावर हेल्मेट असते, कारण नाशिकला शिरताना पोलीस उभे असतात. मागे सत्तरीची आई एका बाजूला पाय सोडून बसलेली. डोक्यावर पदर, पायांत स्लिपर, मांडीवर पिशवी, आणि त्या पिशवीभोवती दोन्ही हात.

आता डॉक्टर म्हणून हे दृश्य मी कसे पाहतो, ते सांगतो. त्या टपरीवरील सर्वांत मजबूत हाडे सर्वांत जास्त कवचात आहेत आणि सर्वांत ठिसूळ हाडे सुती कापडात. संरक्षक साधने किती घालावीत, हा प्रश्न आपण नेहमी गाडीच्या वेगावरून किंवा पोलीस कोठे उभे आहेत त्यावरून सोडवतो. तो पडणाऱ्याच्या शरीरावरून सोडवायला हवा. पंचविशीतील माणूस ज्या पडण्यातून कपडे झटकत उठतो, त्याच पडण्यात पासष्टीनंतरच्या बाईचे मनगट किंवा खुबा मोडतो. म्हणून घरात साधनांसाठी पैसे मोजकेच असतील, तर पहिले चांगले हेल्मेट मागे बसणाऱ्यासाठी घ्यावे, असे मी सांगू लागलो आहे. चालवणाऱ्याकडे बहुधा ते आधीच असते.

कायदाही दोघांना सारखेच मानतो. मोटार वाहन कायद्याचे कलम १२९ चार वर्षांवरील प्रत्येकाला हेल्मेट सक्तीचे करते, मग तो चालवणारा असो वा मागे बसणारा. २०२१ च्या १५ ऑगस्टपासून नाशिक शहरात ‘हेल्मेट नाही, तर पेट्रोल नाही’ ही मोहीम झाली, ती अनेकांना आठवत असेल. तिचा उपयोग झाला, पण पंपावर प्रश्न विचारला जाई तो गाडी चालवणाऱ्याला. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात हेल्मेट न घातलेले ५०,०२९ दुचाकीस्वार अपघातांत दगावले. त्यांतील १४,३३७ मागे बसलेले होते.

या आकड्यांकडे मी पूर्वी तटस्थपणे पाहत असे. आज तसे पाहता येत नाही.

काही वर्षांपूर्वीच्या डिसेंबरातील संध्याकाळ. लखमापूर फाट्याजवळच्या एका नातेवाइकांकडून मी आईला स्कूटरवर घेऊन दिंडोरीला परतत होतो. ती तेव्हा एकाहत्तर वर्षांची होती. थंडी होती म्हणून तिने कान झाकणारी शाल डोक्यावरून घेतली होती. माझ्या डोक्यावर पूर्ण हेल्मेट होते. तिच्यासाठी घरात हेल्मेटच नव्हते. वीस वर्षे मी रुग्णांना हेल्मेटचे महत्त्व सांगत आलो होतो आणि तेवढीच वर्षे आईला तसेच मागे बसवत आलो होतो. गावाच्या तोंडाशी असलेला गतिरोधक माझ्या ओळखीचा होता, तरी समोरून येणाऱ्या ट्रॅक्टरच्या दिव्याने तो क्षणभर दिसला नाही. वेग फार तर वीस-पंचवीस असेल. स्कूटर उसळली आणि आई डावीकडे खाली गेली. डावा हात टेकला, मग डोक्याची मागची बाजू रस्त्याच्या कडेला आपटली.

मनगट मोडले होते, ते लगेच दिसले. डोक्याला सुपारीएवढे टेंगूळ. शुद्ध हरपली नव्हती, उलटी नव्हती, दोन्ही डोळ्यांच्या बाहुल्या समान. मी हाताला आधार बांधला, दुसऱ्या दिवशी नाशिकला प्लास्टर करून आणले, आणि डोक्याचा सी.टी. स्कॅन केला नाही. हृदयासाठी ती रोज ॲस्पिरिन घेत होती. गोळी मीच लिहून दिली होती.

साधारण साडेतीन आठवड्यांनी ती भाजीत दोनदा मीठ घालू लागली. दुपारी जास्त झोपू लागली. उजवा पाय किंचित ओढला जातो आहे, हे प्रथम माझ्या पत्नीच्या लक्षात आले. मी म्हणालो, वय झाले आहे, शिवाय हात प्लास्टरमध्ये, मनाने खचली असेल. कोणत्याही मुलाने म्हणावे तसेच मी म्हणालो. आणखी दोन दिवसांनी तिने मला माझ्या दिवंगत वडिलांच्या नावाने हाक मारली, तेव्हा आम्ही नाशिकला धावलो. कवटी आणि मेंदू यांच्यामध्ये जुने रक्त साठून मेंदू एका बाजूला दाबला गेला होता. कवटीला दोन छिद्रे पाडून ते काढावे लागले. शस्त्रक्रियेनंतर दुसऱ्याच दिवशी तिने माझे नाव बरोबर घेतले. आज ती बरी आहे. पण हे श्रेय माझे नव्हे.

असे का होते, ते आपण समजून घ्यावे, कारण आपल्यापैकी प्रत्येकाच्या घरात हे घडू शकते. वयाबरोबर मेंदूचा आकार थोडा कमी होतो. मेंदूच्या पृष्ठभागावरून कवटीच्या आतील आवरणाकडे जाणाऱ्या बारीक शिरा त्यामुळे ताणलेल्या असतात. तरुणाला काही न करणारा हिसका अशी एखादी शीर फाडू शकतो. रक्त थेंबाथेंबाने साठते, आणि आत मोकळी जागा असल्याने कित्येक दिवस, कधी कित्येक आठवडे, काही कळत नाही. रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या, म्हणजे ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, वॉरफेरिन यांसारखी औषधे चालू असतील, तर धोका वाढतो. म्हणून ज्येष्ठ व्यक्तीचे डोके आपटले आणि अशी गोळी चालू असेल, तर बाहेरून काहीही दिसत नसले तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे, गोळीचे नाव आपण होऊन सांगावे आणि स्कॅनविषयी स्पष्ट विचारावे. गोळी मात्र मनाने बंद करू नये. पुढील दोन महिने नवी डोकेदुखी, वाढती झोप, चालीतील फरक, बोलण्यातील गोंधळ यांकडे ‘वय झाले’ म्हणून पाहू नये.

हेल्मेट यांत किती मदत करते? दुचाकीस्वारांवरील अनेक अभ्यास एकत्र करून २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कॉक्रेन आढाव्यानुसार हेल्मेटमुळे मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या दुखापतीचा सुमारे ६९ टक्क्यांनी कमी होतो. एका वस्तूकडून याहून अधिक मागणे मला तरी सुचत नाही. तिचे काम साधे आहे. बाहेरचे कठीण कवच आघात पसरवते, आणि आतील थर्माकोलसारखा जाड थर स्वतः चेपून तो शोषतो. हा थर एकदा चेपला की पुन्हा पूर्ववत होत नाही. त्यामुळे एकदा आपटलेले हेल्मेट बाहेरून चकचकीत असले तरी बदलावे.

ज्येष्ठांच्या तक्रारी मात्र खऱ्या असतात आणि त्यांना उडवून लावू नये. मान दुखते, असे बहुतेक जण सांगतात. पूर्ण चेहऱ्याच्या हेल्मेटचे वजन साधारण सव्वा ते दीड किलो असते आणि मानेचे मणके झिजलेल्या माणसाला ते जाणवते. यावर उपाय म्हणजे दुकानात तीन-चार हेल्मेटे प्रत्यक्ष डोक्यावर घालून त्यांतील हलके निवडणे, आणि घरी रोज दहा मिनिटे ते घालून बसणे. आठवड्याभरात सवय होते. हेल्मेटमुळे मानेची दुखापत वाढते, अशी समजूत गावोगाव आहे; ती सिद्ध झालेली नाही. दुसरी तक्रार चष्म्याची. पुढचा भाग वर उचलता येणारे हेल्मेट मिळते. ते घालून मग चष्मा लावता येतो. कानात श्रवणयंत्र असेल, तर हेल्मेट ओढताना ते निघून पडते किंवा कुंई आवाज करते. अशा व्यक्तीने यंत्र काढून डबीत ठेवावे आणि चालवणाऱ्याने प्रवासात तिच्याशी बोलण्याऐवजी खांद्यावर थाप मारण्याची खूण ठरवावी. जीव गुदमरतो, असे सांगणाऱ्यांसाठी चेहरा उघडा ठेवणारे हेल्मेट चालेल. हनुवटीचे संरक्षण कमी होते, पण डोके वाचते. न घातलेल्या उत्तम हेल्मेटपेक्षा घातलेले साधे हेल्मेट मी पत्करतो. फक्त ते कान आणि डोक्याची मागची बाजू झाकणारे असावे. बांधकामावरच्या टोपीसारखे अर्धे हेल्मेट उपयोगाचे नाही.

स्त्रियांच्या बाबतीत अंबाडा आडवा येतो. अंबाड्यावर हेल्मेट टेकले की ते वर उचललेले राहते आणि पडताना प्रथम तेच निघून जाते. प्रवासापुरती मानेवर सैल वेणी घालावी. थंडीत आपल्याकडे माकडटोपीवर हेल्मेट चढवतात, तेही टाळावे. जाड लोकरीमुळे ते सैल बसते. त्याऐवजी पातळ सुती रुमाल बांधावा. हेल्मेटवर भारतीय मानक ब्युरोची खूण आणि ‘आय.एस. ४१५१’ हा क्रमांक पाहावा. १ जून २०२१ पासून ही खूण नसलेले दुचाकीचे हेल्मेट बनवणे व विकणे बेकायदेशीर आहे, तरी रस्त्याकडेच्या ढिगांत ते आजही मिळते. हनुवटीचा पट्टा लावावा, त्याखाली जेमतेम दोन बोटे जावीत. मग मागच्या कडेला धरून हेल्मेट पुढे ढकलून पाहावे. ते निघाले, तर ते आपले नव्हे.

डोक्यानंतर मी पायांकडे वळतो. अनेकांना याचे आश्चर्य वाटते. मधुमेहाने तळपायाची संवेदना कमी झालेले रुग्ण तापलेल्या सायलेन्सरला पाय लागूनही ते जाणत नाहीत. दोन दिवसांनी फोड फुटल्यावर दवाखान्यात येतात आणि ती जखम भरायला महिने लागतात. स्लिपर तर उतरताना फूटरेस्टमध्ये अडकते. मागे पट्टा असलेली चप्पल ही किमान गरज, बंद बूट अधिक चांगले. मधुमेही व्यक्तीला बूट घातल्याशिवाय दुचाकीवर बसवूच नये.

साडीविषयी थोडे कडक बोलतो. मागच्या चाकाचा किमान निम्मा भाग झाकणारी जाळी, मागे बसणाऱ्यासाठी हाताची पकड आणि फूटरेस्ट प्रत्येक दुचाकीला असावेत, असा केंद्रीय मोटार वाहन नियमांतील १२३ वा नियम आहे. गाडी देखणी दिसावी म्हणून नातू ती जाळी काढून टाकतो. आजीने गाडीवर बसण्यापूर्वी खाली वाकून जाळी आहे का, ते पाहावे आणि नसेल तर बसू नये. हा अधिकार आजींनी अवश्य वापरावा. पदर कमरेला खोचावा, शालीची टोके आत घ्यावीत. दोन्ही बाजूंना पाय टाकून बसता येत असेल, तर तसे बसावे. नऊवारीत ते सहज जमते. एका बाजूला बसणे भागच असेल, तर एक हात पकडीवर आणि दुसरा चालवणाऱ्याच्या कमरेभोवती हवा. याचा अर्थ पिशवी मांडीवर नको, ती गाडीला अडकवावी. माझ्या आईच्या मांडीवर त्या संध्याकाळी पेरूंची पिशवी होती.

जॅकेट, कोपर-गुडघ्यांचे कवच, हातमोजे यांचे काय? हातमोजे तळव्याची कातडी वाचवतात. टेकलेल्या हाताचे हाड नव्हे. गुडघ्याचे कवच संधिवात असलेल्यांना वाकायला अडचण करते. रोजच्या गावातल्या फेरीसाठी मी ही साधने ज्येष्ठांवर लादत नाही. जाड, पूर्ण बाह्यांचे, फिकट रंगाचे जाकीट आणि त्याच्या पाठीवर परावर्तक पट्टी एवढे पुरे. उसाच्या हंगामात तेच जास्त कामाचे. मात्र वीस किलोमीटरहून लांबचा प्रवास असेल किंवा घाट असेल, तर माझा प्रश्न बदलतो. तेव्हा मी विचारतो, दुचाकीवर जायलाच हवे का?

येथे आपल्याला राज्य परिवहनाची आठवण व्हावी. ७५ वर्षांवरील नागरिकांना ऑगस्ट २०२२ पासून एस.टी.चा प्रवास मोफत आहे. ६५ ते ७५ वयोगटाला तिकिटात निम्मी सवलत आहे आणि मार्च २०२३ पासून सर्व वयाच्या स्त्रियांनाही निम्मे तिकीट. पूर्वी ‘गाडीवर सोडतो, तिकिटाचे पैसे वाचतील’ असे म्हणत. आता तो हिशेब उरलेला नाही. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर धुळीतून दुचाकीवर घरी येणे, चक्कर येत असताना मागे बसणे, खुब्याचे हाड एकदा मोडले असताना पुन्हा गतिरोधकांची परीक्षा घेणे, या प्रसंगी कोणतेही हेल्मेट पुरेसे नाही. रिक्षा किंवा बस घ्यावी. हे मुलांना सांगण्याचा ज्येष्ठांना संकोच वाटतो, म्हणून घरात काळजी घेणाऱ्यानेच ते आधी बोलावे.

आणि आजोबा, आपण स्वतः गाडी चालवत नातवंडाला शाळेत सोडत असाल, तर त्यालाही नियम आहे. ९ महिने ते ४ वर्षांच्या बालकासाठी चालवणाऱ्याला जोडणारा सुरक्षा पट्टा, बालकाचे हेल्मेट आणि ताशी ४० किलोमीटरची मर्यादा १५ फेब्रुवारी २०२३ पासून लागू आहे. टाकीवर पुढे बसवलेले मूल ही आपल्याकडची नित्याची गोष्ट आहे, पण ब्रेक लागला की ते सर्वांत पुढे असते.

आईसाठी हेल्मेट आणले, त्या दिवशी ती म्हणाली, “अरे, देवीला जाताना डोक्यावर पदर हवा, हे मडके कशाला?” पदर आत राहील, मडके वर येईल, असे मी सांगितले. तिला ते पटले की नाही, मला कळले नाही. पण रंग तिने स्वतः निवडला, लाल. दुकानदाराने आरसा पुढे धरला, तेव्हा ती बराच वेळ पाहत राहिली आणि शेवटी कुंकू पुसले जात नाही ना, एवढेच विचारले.

गडावर आम्ही दरवर्षी चैत्रात जातो. यात्रेच्या दिवसांत खासगी वाहने नांदुरीला पायथ्याशीच थांबवतात आणि वर एस.टी.च्या गाड्या जातात. गडावर पोहोचल्यावर पायऱ्यांचा प्रश्नही आता पूर्वीइतका राहिलेला नाही. २०१८ पासून तेथे फ्युनिक्युलर रेल्वे आहे. गेल्या वर्षी दिंडोरी ते नांदुरी हा प्रवासही आम्ही एस.टी.नेच केला. दिंडोरी स्थानकापर्यंतचे दोन किलोमीटर मात्र स्कूटरवर. स्थानकात स्कूटर लावून मी माझे हेल्मेट डिकीत ठेवले. आईचे त्यात मावेना. ते तिने मांडीवर घेतले आणि वणीपर्यंत दोन्ही हातांनी धरून बसली. वाहकाने तिकिटे फाडताना विचारले, “मावशी, बसमध्येपण घालणार का?” ती म्हणाली, “नाही रे बाबा. पण याच्याबरोबर परत यायचंय ना संध्याकाळी.”